ड्यूटीवर कोण होतं?

बडोदा, रविवार रात्र

‘गंज चढलाय. ड्यूटीवर कोण होतं?’

अण्णा एवढंच म्हणाले. माझ्या रिमोटच्या खेळण्यातल्या रणगाड्याच्या उजव्या मडगार्डवरून अंगठा फिरवला, त्याला लागलेली तांबूस पूड बघितली, पायजम्याला पुसली आणि टीव्ही लावला. ही शुक्रवारची गोष्ट. मी अजून तिथंच अडकलोय.

तीन आठवडे गेलेत हो तो गंज रंगवण्यात! आधी तपकिरी थर, त्यावर हेअरस्प्रे (तो कुणाचा होता यावर घरात वेगळी चर्चा झाली), वरून ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा), मग ओल्या ब्रशनं टोकरत हिरव्याचे टवके काढायचे. कडांना बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, पातळ हात. चिखल म्हणून विश्वामित्रीकाठची माती आणली, वाळवली, वस्त्रगाळ केली. आणि हे पायजम्याला पुसतात.

सगळे टायगर घे म्हणत होते, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा. मी घेतला अमेरिकन शर्मन. रिमोटचा मोठा रणगाडा म्हटलं की माणूस टायगरच घेतो. खरे टायगर झाले साधारण १,३५०, शर्मन ४९,००० च्या आसपास. पण किटच्या जगात बघावं तर टायगरचाच सुळसुळाट. मला त्याची ती एकमेकांत गुंतलेली चाकं कधीच पटली नाहीत. आतलं एक बदलायचं तर बाहेरची उतरवा. रशियाच्या थंडीत तर मधे चिखल गोठून बसायचा. शर्मनची बोगी (चाकांची जोडी धरणारा सांगाडा) बाहेरून बोल्टनं लावलेली, बिघडली की तेवढीच काढा. हे अण्णांना आवडेल असं वाटलं होतं. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात, सप्टेंबरात, पंजाबातल्या आसल उत्तरच्या लढाईत आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटकडे शर्मनच होते. अण्णा तिथं नव्हते, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात होते. पण शर्मनच्या पोटाखाली झोपलेला माणूस घरात असताना टायगर कशाला, असं वाटलं. १/१६ चा, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा घेतला, साडेछत्तीस सेंटिमीटर लांब. किंमत लिहीत नाही, ही वही उघडी पडलेली असते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी खेळणं घ्यावं, बिल लपवावं, आणि ज्याच्यासाठी घेतलं त्यानं अंगठा पुसावा. दादाला फोटो पाठवला होता. त्याचंही उत्तर नाही. असो.

काल दुपारी न राहवून विचारलंच. गंज नको तर काय हवं होतं?

‘अरे, टवका उडाला की त्याच दिवशी रंगाचा हात मारायचा. गंज येईतो थांबलास तर तुझा रविवार गेला. मळका असू दे की! रस्त्यावरून आलेला रणगाडा मळणारच. आणि ह्या कड्या?’ ट्रॅकच्या पट्ट्या जोडणाऱ्या कड्यांवर त्यांनी नख टेकवलं. ‘ह्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर घासतात दिवसभर. चांदीसारख्या लखलखतात. ह्यांना गंज लावलास तू?’

लावला होता. प्रत्येक कडीला, शून्य नंबरच्या ब्रशनं.

मग रात्री अंथरुणात एकदम हसूच आलं. मी मोटरी बसवल्या, गिअरबॉक्सला ग्रीस लावलं, तोफ उडाली की मागे सरकते, इंजिन घरघरतं, आणि एवढ्या चालत्या गाडीला रंग दिला भंगारवाल्याच्या दारातला. ज्यांचे व्हिडिओ बघून शिकलो ते सगळे शेतात सोडून दिलेले रणगाडे रंगवत होते. एकाचाही हलत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नाही आणि अण्णांना अंगठ्यानं कळलं!

आज सकाळपासून कड्यांवर शिसपेन्सिल घासतोय. शर्मनच्या एका बाजूला ७९ पट्ट्या असायच्या. माझ्यावर किती आहेत ते मोजलं नाही, मोजलं तर हात थांबेल. पण चमकतात छान, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी अण्णांनी गाडी उचलून चारी बाजूंनी बघितली. बरं म्हणतील असं वाटलं.

‘टो-रोप कुठाय?’

गाडी ओढायचा तो दोर खोक्यातच राहिला होता, पिशवीसुद्धा फोडली नव्हती. आणून दिला. त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात बघितला.

‘हा दोर नव्हे, नाडी आहे.’

आता साडेदहा वाजलेत. जुन्या पंख्याची तांब्याची तार काढून ते पीळ देत बसलेत, तेही चष्म्याशिवाय. मला तारेचं दुसरं टोक धरायला बसवलंय, एका हातानं लिहितोय. मडगार्डचा गंज अजून तसाच आहे. तो आज कुणीच काढला नाही.