दिवसा दार उघडं ठेवणारं घर

एप्रिलच्या अवकाळी पावसात वीज कडाडली आणि आमचा जुना टीव्ही गेला. दुरुस्तीवाल्याने आतलं बोर्ड हातात देऊन मान हलवली. त्याच आठवड्यात अमरावतीचा मावसभाऊ म्हणाला, टीव्ही कशाला घेतोस, प्रोजेक्टर घे, माझा आठ दिवस नेऊन पाहा. आठवीतल्या मुलाने तर शंभर इंचांचा हिशोबही मांडला: २२१ सेंटीमीटर रुंद, १२५ उंच. आमची बैठकीची खोली १२ फुटांची, तेवढ्या अंतरात ते बसत होतं.

पहिल्या दुपारी सीरियल लावली. आर्वीकडच्या आमच्या गावात मे महिन्यातही बैठकीचं दार उघडंच असतं. कोणी ताक मागायला येतं, कोणी खताचं विचारायला. मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली, मग म्हणाली, "हिचे केस पांढरे कायले दिसून रायले?"

कारण नंतर कळलं. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. जिथे काळं हवं तिथे तो उजेड टाकत नाही, एवढंच. मग दिवसा भिंत जेवढी उजळ, तेवढंच चित्रातलं काळंही उजळ. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ९००० ल्युमेन छापलेले, आत माहितीपत्रकात बारीक अक्षरात २५० अँसी ल्युमेन. खरा आकडा हा दुसरा, ठरलेल्या पद्धतीने मोजलेला. शंभर इंच म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. त्यावर २५० पसरले की चौरस मीटरला ९० च्या आसपास पडतात. दारातून येणारा उजेड त्याच्या कितीतरी पट.

मी दार लावलं. माय लगेच म्हणाली, "भर दिवसा दार लावून बसाचं? लोकायले वाटन घरात कोणी बिमार हाये." मला तिचं पटलं. तिची दुपार म्हणजे नुसती सीरियल नाही, दारातून येणारी माणसंही आहेत.

रात्रीचं मात्र सांगायलाच हवं. मुलाने न्हाणीमागची भिंत चुन्याने दोन हात पोतली, आम्ही अंगणात खाटा टाकल्या. नऊ वाजता क्रिकेट लावलं तेव्हा भिंत अजून गरम होती. पण चित्र! फलंदाज माणसाएवढा. शेजारची पोट्टी आली, मग त्यांचे बाप आले, मग बायका ओट्यावर टेकल्या. कोणी शेंगा आणल्या. एवढी माणसं आमच्या अंगणात बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच जमली. माय खाटेवरून म्हणाली, "आता दिसते." मी लहान असताना जत्रेत तंबूतल्या पडद्यासमोर मातीत बसायचो, ते आठवून मला भरून आलं.

त्याच माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलंय. आमच्याकडे मेमध्ये दुपार ४५ ला टेकते. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला यंत्र आपोआप बंद पडलं, हात लावला तर चटका.

भाऊ म्हणाला, मग ऑफिसातला जुना दिव्याचा घे, ३००० ल्युमेनचा. तो २८० वॅट खातो. बंद केल्यावरही दिवा थंड होईपर्यंत त्याचा पंखा चालावा लागतो, आणि आमच्याकडे लाइट काही सांगून जात नाही. दरवेळी गरम दिवा तसाच राहील. इन्व्हर्टरवर हा भार मी टाकणार नाही.

बायकोने विचारलेला प्रश्न मला सुचलाच नव्हता: दिवाळीनंतर कापूस कुठे ठेवता? भाव येईपर्यंत तो याच बैठकीत छतापर्यंत भरलेला असतो. तंतू सगळीकडे उडतात, पंख्याच्या पात्यांवर आठवड्यात बोटभर थर. हवा आत ओढणाऱ्या यंत्राची जाळी तिथे किती दिवस टिकणार? आणि त्या दिवसांत भिंत तरी मोकळी कुठली?

त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. मागच्या पट्टीवर ८० वॅट लिहिलंय. या वेळी स्टॅबिलायझर घेतला, आणि ढग दिसले की प्लग आणि केबल दोन्ही काढायची हे घरात सगळ्यांना सांगितलं. मायची खुर्ची दाराशी आहे तिथूनच तिला केस काळे दिसतात.

चुन्याचा चौकोन भिंतीवर तसाच ठेवलाय. भाऊ कोजागिरीला प्रोजेक्टर घेऊन येतो म्हणाला. तोवर गरमीही उतरलेली असेल. दूध चुलीवर आटवू. चांदण्याने चित्र किती फिकं पडतं, ते त्या रात्री बघू.