काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

गायमुखच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा पेट्रोलचा काटा अगदी ऐटीत अर्ध्यावर उभा होता. रविवार सकाळ, मागे बाबा, शेजारी बायको, आणि मागून कंटेनरवाल्यांचे हॉर्न. मी बॉनेट उघडून प्लग बघतोय, कॉइल बघतोय, कार्ब्युरेटरवर उगाच दोन टपल्या मारतोय, आणि बाबा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "पेट्रोल संपलंय."

"अहो बाबा, अर्धी टाकी आहे, काटा बघा की."

"काट्याचं काय सांगतोस, वही बघ."

वही म्हणजे ग्लव्ह बॉक्समधली, 1985 साली ही पद्मिनी गाडी घेतली तेव्हापासूनची. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर लिहायचं. शंभर किलोमीटरला दहा लिटर धरायचे, मग काटा काहीही म्हणो. मी गेली दोन वर्षं वहीत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, कारण आपल्याला काटा आहे ना! शेवटी ऑफिसातला एक मित्र स्कूटर घेऊन आला, पंपवाला बाटलीत पेट्रोल द्यायला तयार नाही म्हणून त्याच्याच स्कूटरमधून नळीने दोन लिटर काढलं (तोंडात गेलं ते वेगळं) आणि आम्ही घोडबंदर रोडने गुपचूप नौपाड्याला परत आलो. बायको तीन हात नाक्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता माझा मूर्खपणा ऐका. काटा चुकीचा दाखवतोय म्हणजे मीटर खराब, असं मी डोक्यात पक्कं करून टाकलं. पुढच्या शनिवारी कुर्ल्याला जाऊन जुन्या पार्टवाल्याकडून एक मीटर आणलं, बाराशे रुपये. गंमत म्हणजे गाडी बनली तीही कुर्ल्यातच. पण 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, आणि तेव्हापासून पार्टवाला वस्तू हातात देण्याआधी तुमचा चेहरा बघतो आणि मग भाव सांगतो. असो. डॅशबोर्ड उघडला, दोन प्लास्टिकच्या क्लिपा तोडल्या, नवीन मीटर बसवलं, चावी फिरवली आणि काटा सावकाश वर येऊन बरोब्बर अर्ध्यावर थांबला.

तेव्हा ट्यूब पेटली. दोन वेगवेगळी मीटरं एकच आकडा दाखवतायत म्हणजे मीटर बिचारं खोटं बोलत नाहीये, त्याला मागून जे सांगितलं जातंय तेच ते वाचून दाखवतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही सगळी भानगड फार साधी आहे. टाकीत एक टँक युनिट असतं. एका दांडीच्या टोकाला पितळी डबी म्हणजे फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारा, आणि दांडीच्या दुसऱ्या बाजूला एक छोटा पत्रा बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकतो. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली, पत्रा सरकला, रेझिस्टन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा बदलला, त्याप्रमाणे पुढे काटा हलतो. टँक युनिटवरून एक वायर मीटरला जाते आणि परतीचा रस्ता टाकीच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीतूनच, त्यालाच अर्थिंग म्हणायचं. म्हणजे बिघडायला जागा चारच: मीटर, वायर, अर्थिंग, टँक युनिट. आणि यातलं निम्मं तपासायला एक पैसा लागत नाही. बाराशे तर नाहीच नाही.

तर रविवारी डिकी रिकामी केली. चावी ऑन ठेवून टँक युनिटची वायर काढली, बायकोला सीटवर बसवून विचारलं काटा कुठे, तर म्हणाली पार खाली, रिकामी टाकी. मग तीच वायर बॉडीच्या मोकळ्या पत्र्याला सेकंदभर टेकवली. "फुल! फुल झाली!" ती अशी ओरडली की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडली. आमच्या गाडीत टेकवल्यावर फुल दाखवतं, काही गाड्यांत याच्या उलट असतं, तेव्हा घाबरू नका, काटा या टोकाकडून त्या टोकाला गेला म्हणजे झालं. फक्त टेकवून धरून ठेवू नका, आणि हे टाकीच्या तोंडापासून लांब करा, ठिणगी उडू शकते. एवढ्याने मीटर आणि वायर दोन्ही सुटले. मग मल्टिमीटर (रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) युनिटला लावला आणि गाडीला मागून धरून गदागदा हलवलं, आत पेट्रोल डुचमळतंय, ऐकू येतंय, पण मल्टिमीटरवरचा आकडा ढिम्म. म्हणजे दांडीच अडकलेली.

बॅटरीचं कनेक्शन काढून, टाकीतलं पेट्रोल काढून, वॉचमनला बिडीसकट गेटवर पाठवून (दोनदा) युनिटचे स्क्रू खोलले. आतून जे बाहेर आलं त्याला वास जुन्या वॉर्निशचा. दांडीच्या सांध्यात गंज आणि तो चिकट तपकिरी थर, इतका की बोटाने दांडी हलेना. गाडी वर्षातून आठ-दहा वेळा निघते, बाकी वेळ पेट्रोल टाकीत बसून राहतं, त्याचंच हे सगळं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओल कमी आहे का. कार्ब क्लीनर मारून, जुन्या टूथब्रशने घासून दांडी मोकळी केली, बसवलं, पाच लिटर ओतलं.

काटा शून्यावर.

अजून पाच ओतलं. शून्य. बाबा गॅलरीतून बघत होते, काही बोलले नाहीत, त्याचा जास्त राग आला.

परत खोललं. आणि या वेळी फ्लोट कानाशी नेऊन हलवला. आत चुळुक चुळुक. डबीला बारीक भोक पडून आत पेट्रोल भरलेलं, तरंगणार कसा? दांडी अडकली होती म्हणून हा दुसरा आजार इतके दिवस कळलाच नाही. भोक डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून गॅसपासून लांब, खाली पार्किंगमध्ये, बादलीत गरम पाणी घेऊन फ्लोट बुडवून धरला. जोडाच्या एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, जणू डबी श्वास सोडतेय. तिथे खिळ्याने खूण केली.

आमच्या इथे रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत, आता बहुतेक मिक्सरच येतात त्यांच्याकडे. त्यांनी डबी हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "आत थेंब असेल तोवर मी सोल्डरचा डाग देणार नाही. फुटेल." बरोबरच होतं. मग डबी गरम पाण्यात घालायची, भोक खाली करून झटकायची, असं किती वेळा केलं देव जाणे, आणि वर दोन दिवस गच्चीत उन्हात. वास पूर्ण गेल्यावर काकांनी इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीने, तांदळाच्या दाण्याएवढा डाग दिला. मी म्हटलं अजून थोडं घाला की, मजबूत होईल. तर म्हणाले, जड केलंस तर अर्धा बुडून तरंगेल आणि काटा कायम कमी दाखवेल. वीस रुपये घेतले.

बसवताना जुनं बुचाचं पॅकिंग हातात तुकडे होऊन आलं, नवीन शीटमधून कापलं. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. आणि युनिटच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर टाकली, कारण रंग आणि गंज यांच्या भरवशावर अर्थिंग सोडायचं म्हणजे पुन्हा घाटात उभं राहायचं.

आता काटा चालतो. रेषेत नाही चालत, वरचा अर्धा भाग हळू उतरतो आणि खालचा भराभर, म्हणून प्रत्येक पाच लिटरला काटा कुठे येतो त्याच्या खुणा कागदावर करून ठेवल्या, ग्लव्ह बॉक्समध्ये. बाबांनी तो कागद बघितला, वहीत घडी घालून ठेवला आणि त्या दिवसाचे किलोमीटर लिहिले.

कुर्ल्याचं मीटर कपाटात पडलंय. उत्तम चालतं, दोनदा तपासलंय. कोणाला हवं असेल तर हजाराला देतो.