प्रॉक्समॉक्सचं सबस्क्रिप्शन सोडताना

"सर, लायसन संपलं म्हणजे सोमवारपासून पुस्तकं द्यायची नाहीत का?" ग्रंथपाल ताईंचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. लाइट जाणार म्हणून त्या सर्व्हर नीट बंद करायला बसल्या होत्या आणि लॉगिन करताच समोर चौकट आली की या सर्व्हरला वैध सबस्क्रिप्शन नाही. त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. देवघेवीची सगळी नोंद 'कोहा' या वाचनालयाच्या प्रोग्रामवर आहे, ती उघडली नाही तर कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते सांगणारं दुसरं काहीच वाचनालयात उरलेलं नाही.

पुस्तकं देता येतील, काही बंद पडणार नाही, असं सांगून मी फोन ठेवला. ते खरंच होतं. पण संध्याकाळी जाऊन पाहिलं तेव्हा काळजीचं दुसरंच कारण सापडलं.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, 'ब' वर्गाचं, शासनाच्या अनुदानावर चालणारं. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं आणि त्यातला मोठा भाग पगार आणि पुस्तकांत जातो. तीन वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी त्यांच्या कारखान्यातला दोन प्रोसेसरांचा सर्व्हर दिला आणि त्यावरच्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीचं तीन वर्षांचं सबस्क्रिप्शनही स्वतः भरलं. त्यावर मी दोन व्हर्च्युअल मशीन उभी केली, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत स्वतंत्र चालणारे दोन संगणकच. एकात कोहा. दुसऱ्यात जुन्या मासिकांची आणि दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं, जवळजवळ सव्वा टीबी. ही पानं स्कॅन करायला दोन मुली दीड वर्ष रोज दुपारी बसत होत्या. काही अंकांचे कागद इतके ठिसूळ झाले होते की पुन्हा उलगडता येणार नाहीत.

प्रॉक्समॉक्स ही अशी मशीन चालवणारी, व्हिएन्नातल्या कंपनीची, डेबियन लिनक्सवर उभी असलेली प्रणाली, पहिली आवृत्ती २००८ सालची. तिचा सोर्स कोड एजीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. 'एंटरप्रायझ' आणि 'फुकट' असे दोन वेगळे प्रोग्राम इथे नाहीत, हे मला ताईंना आणि नंतर कार्यकारिणीला समजावावं लागलं. प्रोग्राम एकच, सोयी त्याच, मशीनच्या संख्येवर मर्यादा नाही. पैसे भरले की एंटरप्रायझ रिपॉझिटरी (अपडेट्स जिथून येतात ते भांडार) खुली होते, म्हणजे जास्त तपासून, थोडी उशिरा सोडलेली अपडेट्स मिळतात, आणि वरच्या पातळीचं सबस्क्रिप्शन असेल तर कंपनीची मदतही. आमची पातळी सर्वांत खालची, 'कम्युनिटी', तिच्यात मदत नव्हतीच. दर आकारतात प्रोसेसरच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा), दर वर्षी, युरोत. आमचे सॉकेट दोन, म्हणजे रक्कम दुप्पट.

त्या संध्याकाळी टास्कची यादी उघडली तर रोज पहाटेचं पॅकेजची यादी ताजी करण्याचं काम लाल रंगात दिसलं. खाली सरकत गेलो, लालच लाल. सबस्क्रिप्शन फेब्रुवारीत संपलं होतं, आता जुलै होता. एंटरप्रायझ रिपॉझिटरी '४०१ अनऑथराइज्ड' म्हणून दार लावत होती आणि पाच महिने सर्व्हरला एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. सूचनांचे ईमेल जात होते देणगीदारांच्या कारखान्यातल्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता मीच घातला होता आणि नंतर बदलायचा राहिला. सबस्क्रिप्शन संपल्यावर सर्व्हर थांबत नाही, नेहमीसारखा चालतो, म्हणूनच हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे असा दान मिळालेला सर्व्हर असेल तर आजच टास्कची यादी उघडून बघा.

कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष नानांनी एकच विचारलं, "पैसे न भरता हे कायदेशीर आहे ना?" आहे. नो-सबस्क्रिप्शन नावाची रिपॉझिटरी कंपनीनेच सगळ्यांसाठी उघडी ठेवली आहे. पण कंपनी हेही स्पष्ट सांगते की ती चाचणीसाठी आणि कमी जोखमीच्या वापरासाठी आहे, रोजच्या महत्त्वाच्या कामासाठी तिची शिफारस नाही. मी ते लपवलं नाही. वाचनालयाला तपासलेली अपडेट्स परवडत नसतील, तर ती तपासायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती निभावण्यासाठी बॅकअप पक्का हवा. ठराव असा झाला की सबस्क्रिप्शनसाठी धरलेल्या रकमेतून आधी बॅकअपची डिस्क घ्यायची.

रिपॉझिटरी बदलणं दहा मिनिटांचं काम. मला आठवडा लागला तो बॅकअपमुळे.

बॅकअप दर रविवारी रात्री होत होता, हिरव्या रंगात, 'ओके' असं लिहून. पण बॅकअपमधून परत उभं करून कधी पाहिलं नव्हतं. म्हणून दोन्ही मशीन वेगळा क्रमांक देऊन रिस्टोअर केली. 'युनिक'वर खूण केली, म्हणजे नेटवर्कचा पत्ता मूळ मशीनसारखाच राहत नाही, आणि सुरू करण्याआधी नेटवर्क कार्ड 'डिसकनेक्ट' ठेवलं, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीन भांडली असती. कोहा व्यवस्थित उठलं. शेवटची देवघेव कुठल्या वाचकाची तेही जुळलं. स्कॅनचं मशीन मात्र एका डिस्कची वाट बघत दीड मिनिट थांबलं आणि इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. पानांची डिस्कच तिथे नव्हती.

मूळ मशीनच्या हार्डवेअरमध्ये ती डिस्क उघडून पाहिली. 'बॅकअप'समोरची खूण काढलेली होती. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक डिस्कला ही खूण स्वतंत्र असते, आणि काढली की ती डिस्क बॅकअपमध्ये येत नाही. लॉगमध्ये तशी ओळ असते, पण शेवटी 'ओके' दिसलं की लॉग कोण उघडतो? तीन वर्षांपूर्वी बॅकअपची डिस्क एक टीबीचीच होती, जागा पुरत नव्हती, तेव्हा मीच ती खूण काढली असणार. तीन वर्षं त्या पानांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी जाऊन चार टीबीची डिस्क आणली. खूण केली, रात्रभर बॅकअप चालू ठेवला, सकाळी पुन्हा रिस्टोअर केलं आणि ताईंना समोर बसवून एक दिवाळी अंक पानापानाने उघडून दाखवला. त्यानंतरच रिपॉझिटरीला हात लावला.

आता ते दहा मिनिटांचं काम. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर डावीकडे आपला नोड, म्हणजे सर्व्हर, निवडायचा, मग 'अपडेट्स', त्याखाली 'रिपॉझिटरीज'. एंटरप्रायझची ओळ निवडून 'डिसेबल'. 'अ‍ॅड' दाबून यादीतून 'नो-सबस्क्रिप्शन'. पिवळ्या पट्टीत इशारा येतो की ही रोजच्या कामासाठी शिफारस केलेली नाही. तो येणारच, त्याने गोंधळू नका. मग 'रिफ्रेश'. माझ्याकडे रिफ्रेश पुन्हा '४०१'वर अडलं. आठव्या आवृत्तीपासून 'सेफ' (Ceph, अनेक सर्व्हरांवर मिळून डेटा साठवायची सोय) हिची एंटरप्रायझ रिपॉझिटरी वेगळ्या ओळीत असते, आणि आम्ही सेफ वापरत नसलो तरी ती ओळ चालूच होती. तीही डिसेबल केली तेव्हा यादी आली, पाच महिन्यांची, लांबच लांब. डेबियनच्या स्वतःच्या ओळींना हात लावायचा नाही, त्या तशाच राहू द्यायच्या.

'अपग्रेड' मात्र लगेच दाबलं नाही. रविवारी सकाळी, वाचनालय बंद असताना, मॉनिटर आणि कीबोर्ड सर्व्हरलाच जोडून बसलो. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला की कधी कधी नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, आणि मग वेब पान उघडतच नाही. समोर बसलेलं असलं की दुरुस्त करता येतं, किंवा सुरू होताना जुना कर्नल निवडता येतो. दोन्ही मशीनना 'स्टार्ट अ‍ॅट बूट' आहे हे पाहून घेतलं, मशीन बंद केली आणि मग अपग्रेड. कमांडने करणार असाल तर साधं अपग्रेड नको, फुल-अपग्रेडच द्या. ज्यांच्यासाठी जुनं एखादं पॅकेज काढावं लागतं ती पॅकेजेस साध्याने मागे राहतात आणि प्रॉक्समॉक्स अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. मधे एका फाइलबद्दल विचारणा झाली, तुमची ठेवू की नवी घेऊ. मी आमची ठेवली. रीबूट झाला, कार्डाचं नाव तेच राहिलं, कोहा चार मिनिटांत उघडलं.

नववी आवृत्ती त्याच दिवशी घ्यायचा मोह झाला होता. ती डेबियन १३ वर आहे आणि तिच्याकडे जाण्याआधी तपासणीची वेगळी कमांडही मिळते. पण रिपॉझिटरी बदलणं आणि आवृत्ती बदलणं एका दिवसात केलं असतं, तर काही बिघडल्यावर कशामुळे ते कळलं नसतं. ते दिवाळीच्या सुट्टीत करणार आहे. सबस्क्रिप्शनची जुनी 'की' (किल्लीचा क्रमांक) 'सबस्क्रिप्शन'च्या पानावरून काढून टाकली आणि सूचनांचा पत्ता वाचनालयाचा घातला. तो मेल आता ताई आणि मी दोघंही बघतो.

राहिली ती लॉगिनची चौकट. एक फाइल बदलून ती घालवतात, आणि एका विद्यार्थ्याने मला तसं करून द्यायची तयारीही दाखवली. मी नको म्हटलं. पुढच्या अपडेटला ती फाइल पुन्हा बदलली जाते, आणि मुळात त्या चौकटीत लिहिलेलं खोटं नाही. ज्यांनी हे सगळं उघडं ठेवलं, त्यांचं घर सबस्क्रिप्शन भरणाऱ्यांवरच चालतं. पुढच्या वर्षी अनुदान वाढलं तर निदान एक वर्ष तरी भरायचं, असं मी नानांकडे लेखी दिलं आहे.

ताईंनी सर्व्हरच्या टेबलावर काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे, त्यांच्याच अक्षरात: "चौकट आली तर ओके दाबावे. पुस्तके द्यावीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर येतील, त्याआधी बॅकअप झाला का पाहावे."