तीन ट्रे झेंडू मारल्यावर

"झाडांना पाणी घालायला कोर्स कशाला लागतो?" आईने विचारलं होतं. मी तेव्हा 16 वर्षांची, गणितात जेमतेम पास, आणि बागकामाच्या एक वर्षाच्या कोर्ससाठी हट्ट धरून बसलेली. मला तिला काही उत्तर देता आलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी पाणी घालूनच झेंडूचे तीन ट्रे मारले.

98 कप्प्यांचे ट्रे, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेले. रोपं छान वर आली, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन हजर. दहाव्या दिवशी बघते तर निम्मी रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण बुंध्याशी देठ दोऱ्याएवढा बारीक आणि पाणचट झालेला. मॅडमनी एक रोप चिमटीत धरून दाखवलं. "ही मर. बुरशी असतेच गं, पण तिला तू बोलावलंस." सतत ओल्या कोकोपीटमध्ये मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचं मात्र फावतं. तिन्ही ट्रे फेकले, धुतले, उन्हात वाळवले. नंतर शिकवलं ते इतकंच, की पाणी घालण्याआधी ट्रे उचलून बघायचा. कोरडा आणि ओला ट्रे यांच्या वजनातला फरक हाताला कळायला मला आठवडा लागला.

जमिनीतल्या रोपांसाठी वेगळी पद्धत. 'वाफसा' हा शब्द आधी कानावरून गेला होता, तो हातात दिला माळीमामांनी. वीतभर खालची माती मुठीत दाबायची, लाडू झाला की कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आहे, खुशाल खुरपा. तसाच्या तसा राहिला तर ओल जास्त, मातीत पाऊलही टाकू नका. आणि लाडूच होत नसेल तर पाणी द्या.

माहितीपत्रकावर फुलं होती, पहिला महिना मात्र निव्वळ मातीकामाचा. फावडं, घमेलं, हाताला फोड. 18 पूर्ण नसलेल्यांना गवत कापायच्या यंत्राला हात लावायची बंदी, औषध फवारणीलाही. मुलगे यावर कुरकुरायचे. मला बरंच वाटलं.

ज्या गणितापासून पळाले ते आखणीच्या तासाला परत भेटलं. काटकोन साधायला कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 मीटर, दुसऱ्या दोरीवर 4 मीटरवर खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 मीटर भरलं पाहिजे. आमचं 5 मीटर 12 सेंटीमीटर आलं. डोळ्यांना कोपरा अगदी काटकोनात दिसत होता, म्हणून मी म्हटलं, चालेल की. सरांनी तीच दोरी 10 मीटरपर्यंत ताणायला लावली. कडा अर्धा मीटर बाहेर! खुंट्या उपटल्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझी खरी परीक्षा गुलाबाचे डोळे भरताना झाली, म्हणजे हव्या त्या गुलाबाचा अंकुर (डोळा) काढून दुसऱ्या रोपाच्या खोडावर (खुंटावर) बसवताना. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, साल अलगद उचलायची, आत डोळा सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून पट्टी बांधायची. डोळ्याखाली पानाचा देठ थोडा राखायचा, तो नुसता धरायला नसतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याला बोट लावायचं. टपकन गळला तर डोळा लागला, वाळून चिकटून बसला तर गेला. माझ्या 20 पैकी 3 गळले. शेजारच्या मुलीचे 15. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, हेही लिहून टाकते.

चुका दोन होत्या. वेळ वाचवायला मी पाच-पाच डोळे एकदम काढून ठेवत होते, ते बांधेपर्यंत सुकत. दुसरी चूक झेंडूची देणगी. पुन्हा मर नको म्हणून धसक्याने मी खुंटांना पाणीच कमी घातलं होतं. खुंटात रस खेळता नसेल तर साल सुटत नाही. मी ती ओरबाडून काढत होते. पुढच्या खेपेला दोन दिवस आधीपासून पाणी दिलं, एक डोळा काढला की लगेच बसवला. 13 लागले.

मधले सहा आठवडे प्रत्यक्ष कामाचे. आम्हाला ज्या कंत्राटदाराकडे पाठवलं त्याने चार आठवडे फक्त पालापाचोळा गोळा करून घेतला. रोजच्या नोंदवहीत भरायचं तरी काय? तिसऱ्या दिवशीच मॅडमना सांगायला हवं होतं, आम्ही भिडेपोटी गप्प राहिलो. जाणार असाल तर काय काम देणार ते आधीच लेखी मागून घ्या.

शेवटच्या प्रात्यक्षिकात बाहेरच्या परीक्षकांनी छाटणी पाहिली, कुंडी बदलायला लावली. मग कोपऱ्यातल्या एका मलूल रोपाकडे बोट दाखवून म्हणाले, "याला आज पाणी घालशील?" पानं पार लोंबत होती. झारी शेजारीच भरून ठेवलेली. मी दोन पेरं बोट मातीत घातलं, मग कुंडी उचलली. चांगलीच जड होती.

"नाही सर. मुळं बघू द्या आधी."

कुंडी आडवी करून रोप काढलं. मुळं तपकिरी, बोटात धरली तर साल सुटून हातात आली. तळाचं भोक मातीने गच्च बुजलेलं. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.