माझ्या आयडीवरचं दुसरं सिम

सेलूत बसस्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, चार्जर आणि सिम. सिमच्या कमिशनवर घर चालत नाही, पण सिम घ्यायला आलेला माणूस जाताना कव्हर नेतो, काच बसवून घेतो, म्हणून आयडी ठेवलेली. आयडी म्हणजे कंपनीच्या लेखी मी. माझ्या कोडवरून चालू झालेल्या प्रत्येक सिमच्या अर्जावर माझं नाव पडतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरीही जे झालं ते झालं.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात, दुपारची वेळ. फोन आला, ‘सायबर पोलीस स्टेशनमधून बोलतोय, तुमच्या आयडीवरच्या सिमची चौकशी आहे.’ मी फोन कापला. कापणारच की! असल्या फोनला बळी पडू नका म्हणून १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरचं पत्रक मीच काउंटरच्या काचेवर चिकटवलंय. पुन्हा आला, पुन्हा कापला, मग नंबरच ब्लॉक केला. रात्री जेवताना बायकोला हसत सांगितलं, आज एका चोराला चांगला वाटेला लावला.

आठवड्यानं आमच्या ठाण्याचे हवालदार कागद घेऊन दुकानात आले. फोन खराच होता.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५(३) ची नोटीस. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सायबर ठाण्यात अमुक तारखेला हजर राहायचं. वकील म्हणाले, ‘ही अटक नाही. पण गेला नाहीत तर होऊ शकते. हातात आलीय म्हणजे रीतसर आहे. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय.’ मग २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं काढलं. फसवणुकीनं किंवा दुसऱ्याच्या नावानं सिम मिळवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या दुकानातला सगळा माल तीन-चार लाखांचा असेल. त्याच संध्याकाळी डिस्ट्रिब्युटरनं आयडी बंद केली. फोनवर एवढंच बोलला, ‘भाऊ, वरूनच बंद झालीय.’

नोटिशीत एक नंबर होता आणि एक नाव. नाव जिंतूरकडच्या एका वस्तीवरच्या बाईंचं. मी त्यांना ओळखत नव्हतो. दोन दिवसांनी नातवाला घेऊन त्या स्वतःच दुकानात आल्या, त्यांच्याकडंही तसलाच कागद गेला होता. ‘भाऊ, म्या तुमच्याकडून सिम घेतलंच नाही,’ म्हणाल्या. ‘बाजारात छत्रीखाली एक पोरगं बसलं होतं, त्याच्याकडून घेतलं.’

छत्री म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला.

डिस्ट्रिब्युटरचा एक प्रमोटर होता. आठवडी बाजारात छत्री लावून सिम विकायचा. त्याची स्वतःची नोंदणी झालेली नव्हती. डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि गैरप्रकार सापडला तर तीन वर्षं काळ्या यादीत. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, नोंदणी होईपर्यंत तुमच्या आयडीवर चालू द्या, कमिशन तुम्हालाच येईल. महिन्याचं टार्गेट माझ्याही डोक्यावर होतं. पोरगं बाजारातून फोन करायचं, ‘भाऊ, ओटीपी आलाय का?’ आणि मी गिऱ्हाईकाला काच लावता लावता मान वाकडी करून मोबाईल कानाला धरून आकडे वाचून दाखवायचो. काचेवरच्या पत्रकात पहिलीच ओळ आहे : ओटीपी कुणालाही सांगू नका.

मावशींना त्या पोरानं अंगठा दोनदा ठेवायला लावला होता. ‘मावशी, बोटं घासलीत, नीट उमटंना, अजून एकदा ठेवा.’ कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं घासलेली असतातच, त्यामुळं यात कुणालाच खोट दिसत नाही. पहिल्या अंगठ्याला एक सिम, दुसऱ्याला दुसरं. एक मावशींच्या फोनात गेलं, एक त्याच्या खिशात.

मी तिथल्या तिथं संचार साथी हे दूरसंचार विभागाचं संकेतस्थळ उघडलं, आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यावर दिसतं. मावशींचा नंबर टाकला, त्यांच्या फोनवर ओटीपी आला (या वेळी तो नातवानं स्वतः टाकला), आणि त्यांच्या नावावरचे नंबर समोर आले. दोन. एकाला ‘माझा नंबर नाही’ असं दाबून तक्रार केली, तिचा क्रमांक कागदावर लिहून दिला. पाच मिनिटांचं काम. ही सोय २०२३ पासून सगळ्यांना खुली आहे, मी दुकानदार असून एकाही गिऱ्हाईकाला कधी दाखवली नव्हती.

मग सेलू, पाथरी, माजलगाव, बीड आणि तिथून पुढं रात्रभर एसटी. सायबर ठाण्यात सकाळी दहाला पोचलो, आत बोलावलं दुपारी तीनला. तपास अधिकारी माणूस शांत होता. त्यांनी एक फोटो दाखवला. राउटरसारखा डबा, भोवती अँटेनाच अँटेना. म्हणाले, याला सिमबॉक्स म्हणतात. एकावेळी शेकड्यानं सिमं बसतात. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल या डब्यात शिरतो आणि बाहेर पडताना आपल्या इथला साधा दहा आकडी नंबर होऊन पडतो. समोरच्याला वाटतं, इथूनच कुणीतरी बोलतंय. कधी बँकेचा साहेब, कधी पोलीस. पोलीस माग काढत आले तर त्यांना सापडतं ते मावशींचं नाव. मूळ बोलणारा देशाबाहेर. मावशींचं दुसरं सिम अशाच एका डब्यात मिळालं होतं, आणि त्यावरून एका निवृत्त माणसाला ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरूनच खोट्या अटकेची, भीती घालून लुटलं होतं.

मला वाटायचं, टेलिकॉमचा धोका म्हणजे कुणीतरी टॉवर हॅक करणार, सर्व्हर फोडणार. तसलंही होतच असेल. पण इथं काहीच फोडलं नव्हतं. अर्ज खरा, आधार खरं, अंगठा खरा, विक्रेत्याचा कोडही खरा.

मला वाचवलं त्याच अर्जानं. ग्राहकाचा फोटो काढताना वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश त्यावर उमटतात. ते निघाले जिंतूरकडच्या बाजारातले, दुपारी पाऊणचे. त्याच पाच मिनिटांत माझ्या दुकानाच्या वायफायवरून तीन रिचार्ज झालेले. शिवाय त्या पोराच्या कॉलची नोंद आणि डिस्ट्रिब्युटरचा ‘तुमच्या आयडीवर चालू द्या’ हा मेसेज. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं, तो पंधरा दिवसांचंच ठेवतो. मेसेज डिलीट करायची सवय मला नाही, ते नशीब. अधिकारी जबाब लिहून घेताना म्हणाले, ‘तुम्ही चोर नाही हे दिसतंय. पण किल्ली तुम्हीच दिलीत.’ मी काय बोलणार?

आणखी दोन चकरा झाल्या. शेवटी मला साक्षीदार केलं, मावशींचाही नुसता जबाब घेऊन सोडलं. डिस्ट्रिब्युटरकडं मात्र नवा करार, पुन्हा कागद, पोलीस पडताळणी, मग ‘सिस्टीमला अपडेट व्हायचंय’ असं करत अकरा आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत सिमवाली गिऱ्हाईकं समोरच्या दुकानाला लागली.

आयडी चालू झाली त्या दिवशी पहिलीच एक बाई आली, सोबत कडेवर लेकरू. अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. तिनं न सांगताच दुसऱ्यांदा हात पुढं केला. मी मशीन मागं ओढलं. म्हटलं, ‘ताई, आधी पहिल्या अर्जाचं काय झालं ते बघू द्या, उद्या या.’ तिनं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं, लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडून समोर गेली. दहा मिनिटांत सिम घेऊन बाहेर आली.