एकच इंजिन तीनदा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या कपाटात एकाच घाटाची तीन मॉडेल रेल्वे इंजिनं पाहिली की घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, "एक पुरलं नसतं का?" नसतं. ते एकच इंजिन आहे, पण तीन मालकांकडे नांदलेलं.

ब्रिटनमधल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीचं ५७०० वर्गातलं वाफेचं इंजिन, १९३० साली ग्लासगोत बांधलेलं, नंबर ७७५२. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना, गाढवाच्या पाठीवर गोण्या टाकाव्यात तशा. म्हणून याला पॅनियर टँक म्हणतात. टाक्यांखाली मोकळी जागा राहते, त्यामुळे चाकांमधल्या यंत्राला तेल घालायला हात आत जातो. या वर्गाची ८६३ इंजिनं झाली. मॅलर्ड या वाफेच्या इंजिनाने १९३८ मध्ये ताशी १२६ मैल गाठले, त्याचं कौतुक सगळ्यांना असतं. शंटिंग आणि कोळशाच्या गाड्या ओढत आयुष्य काढणाऱ्या या इंजिनांवर माझा जीव आहे.

पहिलं मॉडेल हिरवं, टाकीवर 'ग्रेट वेस्टर्न' अशी अक्षरं. दुसरं काळं, टाकीवर चाकावर उभा सिंह: १९४८ मध्ये रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वे झाली, त्यानंतरचं. तेव्हा इतर तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या इंजिनांचे नंबर बदलले, ग्रेट वेस्टर्नचे तसेच राहिले, कारण ते ओतीव पाट्यांवर होते. १:७६ मापाच्या मॉडेलवर ती पाटी नखाएवढीही नाही, पण भिंगातून चारही आकडे स्पष्ट वाचता येतात. पाहत राहावंसं वाटतं.

तिसरं गडद लाल, आणि माझं सर्वांत लाडकं. १९५६ पासून लंडनची मेट्रो चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टने अशी जुनी इंजिनं विकत घेतली. मेट्रोच्या रुळांचं काम रात्री चालायचं, तेव्हा वीज बंद. मग खडी आणि रूळ ओढायला वाफच हवी. ७७५२ चं तिथे 'एल ९४' झालं. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. हे इंजिन मात्र ६ जून १९७१ पर्यंत लंडनमध्ये राबत होतं! आज ते बर्मिंगहॅमच्या टायसलीत जपलेलं आहे.

तुम्हालाही घ्यायचं असेल तर आधी केबिन बघा. १९३३ पासूनच्या इंजिनांची केबिन उंच आणि खिडक्या मोठ्या. तशा केबिनवर ७७५२ हा नंबर असेल, तर रंग कितीही सुरेख असो, घेऊ नका.