टाइम्स स्क्वेअर नको, वूडसाइड बघा

पुण्याहून आलेल्या काकांची मागणी एका ओळीची होती. "टाइम्स स्क्वेअरला वडापावचं दुकान टाकायचंय, जागा दाखव." न्यूयॉर्कमध्ये खाण्याच्या दुकानांना भाड्याच्या जागा शोधून द्यायचं माझं काम. परदेशातून येणाऱ्याला पहिल्यांदा तोच चौक हवा असतो, त्यामुळे वाद घातला नाही. आधी इथे येऊन टिकलेली दुकानं बघू, मग ठरवा, एवढंच म्हटलं.

सुरुवात चौकातूनच केली. तळलेली कोंबडी विकणाऱ्या फिलिपिन्सच्या जॉलिबी साखळीचं तिथे मोठं दुकान आहे. पर्यटकांची झुंबड, फोटो काढणं चाललेलं. काकांची कळी खुलली. "त्यांना जमतं, मग आपल्याला काय धाड भरलीय?" मी त्यांना ७ नंबरच्या ट्रेनमध्ये बसवलं.

चौकातलं ते दुकान २०२२ सालचं. मॅनहॅटनमधलं, म्हणजे शहराच्या मुख्य भागातलं, पहिलं २०१८ चं. पण जॉलिबी या शहरात उतरली २००९ साली, आणि तीही शहराच्याच क्वीन्स भागातल्या वूडसाइडला, रूझवेल्ट अव्हेन्यूवर, लोखंडी पुलावरून धडधडत जाणाऱ्या ट्रेनच्या खाली. आजूबाजूला फिलिपिनो वस्ती, जवळच्या एल्महर्स्टला मोठं सरकारी रुग्णालय. आम्ही पोचलो तेव्हा रांगेत ड्यूटीच्या कपड्यांतल्या नर्सेस होत्या. पुढ्यात तळलेली कोंबडी, शेजारी भाताची मूद, वर ग्रेव्ही. काकांनी स्पगेटी मागवली. सॉसेजच्या चकत्या घातलेली.

"अगं, ही तर गोडमिट्ट आहे!"

"मनिलात अशीच असते, काका. इथे आल्यावर बदलली नाही."

त्यांनी ताटली बाजूला सारली आणि उठून थेट कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. मला ओशाळल्यासारखं झालं, लोक बघत होते. परत येऊन म्हणाले, "स्पगेटी कोणी टाकत नाहीये. हाडं तेवढी पडतायत. नवीन शाखा काढली की मी आधी डबा बघतो, गल्ला नंतर." हा माणूस धंदा कसा करतो ते मला तिथे कळलं.

मग त्यांना पोयो काम्पेरोची गोष्ट सांगितली. ही ग्वाटेमालाची कोंबडीवाली साखळी, १९७१ ची. गावी जाऊन अमेरिकेला परतणारी माणसं तिथल्या कोंबडीचे खोके विमानातून घेऊन यायची. डब्यात चकली-चिवडा कोंबून आणणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. कंपनीने ते ओळखलं आणि २००२ मध्ये लॉस एंजेलिसला दुकान उघडलं. गिऱ्हाईक आधीपासून तयारच होतं. याच्या उलट तऱ्हा टिम हॉर्टन्सची. हे कॅनडाचं कॉफीवालं. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधली डझनभर डोनटची दुकानं दोन-तीन दिवसांत पाटी बदलून त्यांची झाली. जागा एकाहून एक. त्यातली बहुतेक आज तिथे नाहीत.

"म्हणजे जिथे आपली माणसं, तिथे आधी," काका म्हणाले. "चल, मग आपली माणसं दाखव."

इथेच खरी पंचाईत होती. दोन स्टेशनं पुढे ७४वा रस्ता, म्हणजे जॅक्सन हाइट्स. एकेकाळी साड्या-दागिने घ्यायला हिंदुस्थानी लोक इथेच यायचे. आता नेपाळी मोमो आणि बांगलादेशी मिठाईच जास्त. आपली मंडळी नदीपलीकडे न्यू जर्सीत, गाड्या घेऊन, घरं घेऊन. चेन्नईच्या इडली-डोसेवाल्या सरवणा भवनने मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूला जागा घेतली, तशी न्यू जर्सीतल्या एडिसनलाही घेतलीच.

दुपारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर पोचलो. वाटेत मी माझं नेहमीचं पुराण लावलं होतं. वडे तळायचे म्हणजे वर धूर ओढणारा हूड हवा, धूर छतापर्यंत नेणारी वाहिनी हवी, आग विझवणारी यंत्रणा हवी. मॅनहॅटनच्या जुन्या इमारतीत वर बिऱ्हाडं असतात आणि घरमालक ती वाहिनी न्यायला तयार होत नाही. भाडं परवडलं तरी घोडं तिथे अडतं. काका ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांचं लक्ष समोर आलेल्या वडापावकडे होतं. एक घास खाल्ला, पाव दोन बोटांनी दाबला, तो दबलेलाच राहिला.

"वडा ठीक. हा पाव बर्गरचा आहे, तोंडात लगदा होतो. अमेरिकेत पाववाला नाही?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. परतीच्या ट्रेनमधून त्यांना नेवार्कला उतरवलं. स्टेशनाच्या मागेच आयर्नबाउंड, पोर्तुगीजांची जुनी वस्ती. एका बेकरीत पापो-सेको मिळाले, मधोमध चीर असलेले छोटे पाव. काकांनी एक मोडला, नाकाशी नेला, आतला मऊ भाग चिमटीत धरून ताणला.

"आतून आपला. वरचं कवच कडक आहे, लादीसारखा हवा." मग माझ्याकडे वळून, "विचार त्याला, कमी भाजून देतो का? रोज हजार घेतले तर भाव काय?"

बेकरीवाला हसला. कमी भाजलेला पाव कोण मागतं, असं त्याला वाटलं असावं. मी जागेच्या यादीतून टाइम्स स्क्वेअर खोडलं आणि दुभाषी म्हणून कामाला लागले. भावावरची घासाघीस संपेपर्यंत आमची पुढची ट्रेनही गेली.